फायनल म्हणजे किती?

गुरुवार, दिनांक ६ नोव्हेंबर १९९७. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

ही वेळ आजची नाही. ती आधी सांगून टाकली, कारण मान्यवरांची नावं घेता घेता ती राहून गेली असती, आणि आज मला नेमकी तीच राहू द्यायची नाही. आता रीतीप्रमाणे. आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय बापूसाहेब. पुण्याहून मुद्दाम आलेले, ज्ञानतुला प्रतिष्ठानचे कार्यवाह श्री. दिग्विजय देशमाने, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण इथे बारामतीत जमलो आहोत ते प्रतिष्ठानचे आपल्या भागातले संघटक, उत्सवमूर्ती श्री. मोहनराव रणवरे, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, ज्यांच्या नावांची चिठ्ठी मला दिली होती पण तिच्यावर हाराचं पाणी सांडलं, त्यांनी मला क्षमा करावी, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो.

निवेदकांनी माझी ओळख करून दिली. विजयमाला भोईटे, इंदापूरच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, निवृत्तीनंतर मुलाकडे इथेच जळोचीत राहतात, सगळं बरोबर आहे. ‘मृदुभाषी’ तेवढं चुकलं. मोहनराव मला आमंत्रण द्यायला आले तेव्हा म्हणाले होते, “बाई, पाच मिनिटं बोला आणि गोड बोला.” पाच मिनिटांना मी हो म्हटलं नव्हतं. गोडालाही नाही.

पण आधी मोहनरावांबद्दल. निरोपाच्या दिवशी माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं, आणि सुदैवाने त्यांच्या बाबतीत त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही. तीन वर्षांपूर्वी प्रतिष्ठानची पुस्तकांची गाडी इंदापुरात पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या मागच्या दारातून हेच गृहस्थ उतरले. पँटला हिरव्या रंगाचे पट्टे लागलेले. गाडीतल्या फळ्यांचा रंग वाळायच्या आत त्यांनी पुस्तकं मांडायला घेतली होती. तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी दहाला, कचेरीसमोरच्या लिंबाखाली, बाराशे पुस्तकं. माणशी एक पुस्तक असा नियम होता आणि मोहनराव तो मोडायला मदत करत. एखादी बाई दोन पुस्तकं हातात धरून घुटमळायला लागली, की हे दुसरीकडे बघायचे. संस्थेच्या माणसाला वेळेवर दुसरीकडे बघता येणं ही लहान गोष्ट नाही. त्याबद्दल, मोहनराव, मनापासून आभार. पुण्याला तुम्हाला मोठी जागा मिळाली आहे. तिथेही मान वळती ठेवा.

हसलात, बरं वाटलं. पुढे हसू येईल याची मी खात्री देत नाही.

मीही दर गुरुवारी एसटीने इंदापूरला जायची. मुलगा एमआयडीसीत कामाला आहे. सकाळी मोटारसायकलवरून मला स्टँडवर सोडायचा आणि रोजचं वाक्य म्हणायचा, “आई, आता तरी घरी बस.” मी इंदापुरात जाऊन बसायची. गाडीशेजारी खुर्ची टाकून नोंदवहीत नावं लिहायची. बासष्ट वाचक होते. त्यांतल्या निम्म्यांचे कान मी त्यांच्या लहानपणी धरलेले होते, त्यामुळे पुस्तकं वेळेवर परत यायची.

त्या बासष्टांत एक साखरबाई मदने. मी आज ज्यांच्यासाठी इथे उभी आहे त्या ह्या, म्हणून जरा सविस्तर सांगते. यांच्या सासरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत चालत जायची. साखरबाईही वीस वर्षं चालल्या. आता दोन एकर शेती आहे आणि बाजारात भाजी विकतात. पाच वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकल्या. पहिल्यांदा गाडीपाशी आल्या तेव्हा मी त्यांना मोठ्या टायपातलं लहान मुलांचं पुस्तक दिलं. त्यांनी ते उघडलं आणि मिटलं.

“बाई, हे नातवाला द्या. मला चालायचं पुस्तक द्या.”

“चालायचं म्हणजे?”

“जी मान्सं चालत लांब ग्येली आन काय बगितलं ते लिवलं, तसलं.”

तेव्हापासून प्रवासवर्णनांचं अख्खं खोकं साखरबाईंचं. ओळीखाली बोट ठेवून वाचायच्या, एका पुस्तकाला तीन-तीन आठवडे लागायचे, आणि परत करताना लेखकाची हजेरी घ्यायच्या. “ह्यो मानूस म्हंतो पाय सुजलं. दोन दिसात? बरुबर हमाल व्हतं की त्येच्या!” असा परीक्षक मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी त्यांनी हिमालयातल्या प्रवासाचा पहिला भाग परत केला. दुसरा भाग खोक्याच्या तळाशी होता, तो पुढच्या गुरुवारी काढून ठेवायचा असं ठरलं. लेखक एका घाटात बर्फात अडकलेला होता. साखरबाई म्हणाल्या, “आठ दिस बसंल बिचारा तितंच.”

आणि पुढचा गुरुवार म्हणजे सहा नोव्हेंबर.

दहाला आम्ही तीसेक जण लिंबाखाली होतो. दहा वीसला गाडी आली, पण इंजिन बंद झालं नाही. चालक जोतीराम, स्वभावाने गरीब, त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

“बाई, आजपास्नं गाडी हितं थांबायची न्हाय.”

“का?”

“गाव नापास झालंय.”

“कोण नापास झालंय?”

“गाव, बाई. इंदापूर. पुण्यास्नं कागद आल्यात. गावांचं नंबर लावल्यात, कुटलं गाव हुशार, कुटलं शिकल्यालं. बारामती पैली आली. इंदापूर नववं.”

“एकूण गावं किती?”

“नऊ.”

मी विचारलं, “अरे, गाव नापास कसं होतं? पेपर कुणी लिहिला?” तो म्हणाला, “ते मला न्हाय ठावं. मला वळवून आनायला सांगितलंय. आता बारामतीला दोन दिस उबं ऱ्हायाचं.” साखरबाई पुढे झाल्या. “आरं जोत्या, त्यो दुसरा भाग तेवडा दे की.” जोतीराम म्हणाला, “मावशे, दार उगडायचं न्हाय म्हनून सांगितलंय.” आणि खरं सांगते, त्याने गाडी मागे घेताना आमच्याकडे बघितलं नाही.

एक आजोबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मला हळूच विचारलं, “बाई, ऑक्टोबरला पुन्ना बसता येतंय का गावाला?”

तुम्ही हसता. एकतीस वर्षं मी मुलांना नापास केलं, प्रत्येकाला कुठल्या प्रश्नात किती गेले ते सांगता यायचं. इथे बासष्ट माणसं एका विषयात गेली होती आणि विषय काय ते मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर चार दिवसांनी मोहनराव आमंत्रण घेऊन आले आणि सोबत छापील अहवाल दिला. ‘नऊ शहरांची बुद्धी व शिक्षण: एक तौलनिक क्रमवारी.’ तीच क्रमवारी आज माझ्या पाठीमागच्या फलकावर सोनेरी अक्षरांत आहे. मी तो अहवाल पेन्सिल घेऊन वाचला. शुद्धलेखनाच्या चुका बाजूला ठेवते, त्या देशमाने साहेबांना वेगळ्या कागदावर देईन. रचना अशी: दर गावात दोन हजार माणसं गाठायची, शिक्षणाला साठ गुण, बुद्धीला चाळीस. पुण्याची कॉलेजातली मुलं फॉर्म भरायला आली होती. आणि शेवटी धोरण लिहिलंय, की ज्या शहरांना ज्ञानाची ओढ अधिक, तिथे साधनं अधिक द्यावीत. म्हणजे भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतायचं आणि रिकामा रांजण पालथा घालून ठेवायचा. हे मला पहिल्या वाचनात कळलं नाही. दुसऱ्या वाचनातही नाही. मला वाटलं माझंच मराठी कच्चं आहे, मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधली, म्हणून तिसऱ्यांदा वाचलं.

बुद्धीचा एक प्रश्न सांगते. एसटी ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाते, अंतर पन्नास किलोमीटर, तर पोचायला किती वेळ लागेल? इंदापुरात बऱ्याच जणांनी विचारलं, निमगावला थांबते का? आता इंदापूर-बारामती एसटीत जो बसला आहे तो हे विचारणारच. फॉर्मवर शेरा आहे: ‘प्रश्न समजला नाही.’ बारामतीच्या लोकांनी सव्वा तास सांगितलं आणि पूर्ण गुण घेतले. मी दर गुरुवारी त्या एसटीने जाते. सव्वा तासात ती आजवर पोचलेली नाही. मग बुद्धी कुणाची म्हणायची? मी हा प्रश्न चिडून विचारत नाहीये. मला खरंच ठरवता येत नाही.

पण त्यात गुण फार गेले नव्हते. घात झाला होता तक्ता क्रमांक चारमध्ये. वय सत्तरच्या पुढची माणसं, त्यांचं शिक्षण. बारामतीत पदवीधर एकशे अठरा. इंदापुरात दोन. सातवी पास, बारामतीत तीन. इंदापुरात एकशे एकतीस.

सत्तरीच्या पुढचे एकशे अठरा पदवीधर! मंडळी, ही माणसं वीस वर्षांची असताना इथून पदवी घ्यायला पुण्या-मुंबईला जावं लागे. एकशे अठरा जण गेले असते तर गावात वैरण कापायला कुणी राहिलं नसतं.

आमच्या शेजारी रावजी राहतात. पंचाहत्तरीचे आहेत, सकाळी ओट्यावर उन्हाला बसतात. मी गेले.

“रावजी, सर्व्हेवाले तुमच्याकडे आले होते का?”

“आल्ते की. ग्वाड पोरं. पानी प्याली, च्या प्याली.”

“शिक्षण काय सांगितलंत?”

“फायनल.”

“पुढे काही विचारलं?”

“इचारलं की. फायनल पुरी क्येली का मदीच सोडली? म्हनलं, पुरी क्येली, पैल्या झटक्यात, अडतीस साली. तर त्ये पोरगं उटून उबंच ऱ्हायलं. पाया पडलं माज्या. म्हनलं, आजोबा, त्या काळात येवडं शिकलासा?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हनलं, व्हय बाबा. पाच कोस चालत जायाचो.”

तरुण मंडळींसाठी सांगते. फायनल म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. मराठी सातवीच्या शेवटी मोठी परीक्षा असायची, ती पास झालेला माणूस मास्तर व्हायचा, तलाठी व्हायचा, गावात त्याला पत्रं वाचायला बोलवायचे. पुण्याच्या कॉलेजातल्या मुलाला फायनल म्हणजे एकच माहीत, पदवीचं शेवटचं वर्ष. त्याने जे ऐकलं ते लिहिलं आणि अहवाल करणाऱ्यांनी ते पदवीत मोजलं.

मी म्हटलं, “रावजी, अभिनंदन. तुम्ही पदवीधर झालात.”

“म्हंजी? काय भरावं लागतंय का?”

“काही नाही.”

“मंग ऱ्हाऊ द्या.”

बापूसाहेब, आपण मघापासून मान हलवता आहात. आपणही फायनल, हे मला माहीत आहे. काय म्हणालात? “आमी बी पदवीधर?” होय, बहुधा आपणही. अध्यक्षीय भाषणात खुलासा करालच.

तर त्या दिवशी मी फार खुशीत होते. मला चूक सापडली होती, आणि चूक सापडली की मला जेवणाची गरज लागत नाही. बारामती एका शब्दाने फुगली, इंदापुराने सातवीला सातवी म्हटलं म्हणून ते बुडालं. आता फक्त इंदापुरातून एक साक्ष हवी होती. म्हणून मी लीलाबाईंकडे गेले.

मघाशी साक्षरतेच्या वर्गाचा उल्लेख केला, तो वर्ग ह्या लीलाबाई घ्यायच्या. वय त्र्याहत्तर. एकोणचाळीस साली फायनल झाल्या, वर्गात एकट्या मुलगी होत्या, मुलांच्या रांगेपासून वेगळ्या पोत्यावर बसायच्या. त्यांच्यामुळे साखरबाईंना अक्षर आलं. मी विचारलं, “लीलाबाई, तुम्ही फॉर्ममध्ये काय सांगितलं?”

“सातवी.”

“फायनल का नाही सांगितलं?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तुमीच म्हनू देत नव्हता न्हवं?”

मला काही आठवेना. त्यांना सगळं आठवत होतं. जून सहासष्ट. मुलीचा प्रवेश. खिडकीत प्रवेशाचे अर्ज भरून घ्यायला मी बसले होते. पालकांचे शिक्षण, हा रकाना. लीलाबाई म्हणाल्या, फायनल. आणि मी, बाहेर चाळीस माणसांची रांग असताना, म्हणाले, “फायनल? कसली फायनल? क्रिकेटची? साफ सातवी म्हणा.” रांग हसली. त्यातल्या पुढच्या माणसाने लगेच सातवी सांगितलं, त्याच्या मागच्यानेही.

“दर जूनला तुमीच बसायचा खिडकीत,” लीलाबाई म्हणाल्या. “फायनल म्हनलं की तुमी पेन थांबवून बगायचा. मंग समद्या गावानं त्यो शबुदच टाकला.”

मी विचारलं, “राग आला होता का?”

“राग कशाचा, बाई. तुमी शिकल्याल्या. पन फायनल म्हनलं की मानूस ताट बसायचा. सातवी म्हनलं की पोरासारकं वाटतंय.”

आता मंडळी, मला सांगा. किंवा सांगू नका, मी दहा दिवस स्वतःलाच विचारते आहे.

मी बासष्ट साली, पाटबंधारे खात्यात असलेल्या माझ्या यजमानांची बदली झाली म्हणून इंदापुरात आले. आमच्या कॉन्व्हेंटात शिकवलं होतं, की शब्द नेमका वापरावा. फायनल हा शब्द नेमका नाही, सातवी नेमका आहे. मी बरोबरच होते! आजही व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकावर हात ठेवून सांगेन. आणि मी बरोबर असल्यामुळे एक अख्खं गाव नवव्या क्रमांकावर गेलं. जिथे माझ्यासारखी बाई खिडकीत बसली नव्हती, तिथे लोक ताठ बसून फायनल म्हणाले आणि पहिले आले. रावजी खरं बोलले. लीलाबाई खरं बोलल्या. तो पुण्याचा मुलगा, त्याने तर पाया पडून लिहिलं. मग चिडायचं कुणावर? मला चिडायची सवय आहे, मी त्यात कधी अडखळले नव्हते. या वेळी माणूसच सापडेना, आणि सापडला तो आरशात.

सोमवारी सतरा तारखेला मी हे सगळं कागदावर मांडून मोहनरावांच्या कार्यालयात गेले. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, “बाई, तुमचं बरोबर आहे. पण तेवढा तेवीस तारखेचा निरोपाचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या.” आणि मोहनराव, तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. तुमचं दुसरीकडे बघणं मला इतकी वर्षं आवडत होतं. त्या दिवशी ते मला कसं लागलं ते मी इथे बोलत नाही, निरोपाचा दिवस आहे.

देशमाने साहेब, तुम्ही काहीतरी लिहून घेता आहात, हे चांगलं लक्षण आहे. की ते पुढच्या वक्त्याचं नाव आहे?

बारामतीकरांनो, मी तुम्हाला खाली ओढायला आलेले नाही. मी तुमच्यातच राहते. तुमच्या पहिल्या क्रमांकात माझी एम.ए.ची पदवी मोजलेली आहे, मी पान उघडून पाहिलं. म्हणजे इंदापुराला नापास करण्यात माझा हात दोन्ही बाजूंनी आहे, तिथे शिकवून आणि इथे राहून. फलक ठेवा, शोभतो. माझी तक्रार क्रमांकाची राहिलेली नाही. शहराला बुद्धी असते का, असली तर ती कुठे असते, बाजारात की कचेरीत, हे मला बासष्टाव्या वर्षी ठरवता येत नाही, आणि ज्यांना अहवालात ठरवता आलं त्यांचं मला कौतुक वाटतं. मला फक्त गाडी हवी आहे. दोन दिवस ती बारामतीत उभी असते. मी गेल्या आठवड्यात जाऊन बघितलं. मंगळवारी अकरा वाचक होते आणि शुक्रवारी सात, कारण बारामतीत वाचनालय आहे, पुस्तकांची दुकानं आहेत. इंदापुरात गुरुवारी लोक अजून लिंबाखाली येतात. सवयीने येतात, थोडा वेळ थांबतात, एकमेकांना विचारतात आणि घरी जातात. साखरबाईंनी बारामतीला येऊन पुस्तक घ्यावं म्हटलं, तर नियम आहे की सभासद स्थानिक हवा. आणि येऊन-जाऊन त्यांचा बाजाराचा दिवस बुडतो.

त्या आज आल्या आहेत. तिसऱ्या रांगेत, लीलाबाईंच्या शेजारी. सकाळी सातच्या एसटीने निघाल्या. निमगावला थांबली होती.

तर आता समारोप. मोहनराव, तुम्हाला पुण्यात सुख लाभो. तुमच्या फळ्या पक्क्या आहेत, तीन वर्षांत एक वाकली नाही. बापूसाहेबांनी मला इतका वेळ घंटी न वाजवता बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्याच्या भरात व्यासपीठावरच्या कुणाचा मान कमी झाला असेल, तर चहाच्या वेळी मला गाठा, मी तो तिथल्या तिथे परत करीन. पण एक माफी मला इथेच, माईकवर मागायची आहे, कारण अपमानही चाळीस माणसांसमोर केला होता. लीलाबाई, जून सहासष्टच्या अर्जात मी तुमचं शिक्षण चुकीचं लिहिलं. ते फायनल होतं. मी शिकलेली असून मला ते कळलं नाही.

देशमाने साहेब, शेवटचं आपल्यासाठी. मला लेखी उत्तर हवं आहे. सोमवार, दिनांक १५ डिसेंबर १९९७, सायंकाळी पाच वाजेपर्यंत. फायनल किती धरली आणि का धरली ते त्यात लिहा, आणि कोणत्या गुरुवारपासून गाडी इंदापुरात उभी राहील ती तारीख लिहा. ‘विचाराधीन आहे’ हे उत्तर मी उत्तर मानत नाही. पत्र माझ्या नावाने पाठवू नका, माझ्या नावाने आलेलं पत्र मी तपासायला बसेन. साखरबाई मदने, कचेरीसमोर, इंदापूर, या नावाने रजिस्टर्ड पाठवा. टाइप मोठा ठेवा, वाक्यं लहान ठेवा. पोस्टमन नेहमीप्रमाणे अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे करेल, त्याला थोडं थांबावं लागेल. साखरबाई आधी पत्र वाचतील, मग सही करतील.